तक्रीज आणि तब्सिरा : ग्रंथपरीक्षणाची शिस्त व सीमेवरचा अध्यापक

शैक्षणिक संस्थांच्या संशोधन-पत्रिकांमध्ये शेवटची काही पाने ग्रंथपरीक्षणासाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे. ही पाने बहुधा सर्वांत शेवटी भरली जातात. शोधनिबंध आले, ते तपासून झाले, अंक छापखान्यात जायची वेळ आली, की संपादक एखाद्या अध्यापकाला फोन करून ‘दोन पाने लिहून द्या’ असे सांगतात. पुस्तक बहुधा ओळखीच्या माणसाचे असते. परीक्षणाची पहिली ओळ लेखकाच्या परिश्रमांचे कौतुक करते, मधला मजकूर अनुक्रमणिकेचा क्रम धरून चालतो आणि शेवटची ओळ ‘हे पुस्तक प्रत्येक ग्रंथालयात असायला हवे’ असे सांगून थांबते. अशा लेखनाने कुणाचे नुकसान होत नाही असे वाटते. प्रत्यक्षात नुकसान होते, आणि ते ज्या समाजाकडे ज्ञानाच्या मोजक्याच संस्था आहेत त्या समाजाचे अधिक होते. पुस्तकातली चूक पुस्तकातच राहिली, तर पुढच्या शोधनिबंधात ती संदर्भ होऊन येते आणि त्यानंतर पाठ्यपुस्तकात सत्य म्हणून शिकवली जाते.

या प्रश्नाचा विचार करताना उर्दू-फारसी परंपरेतले दोन शब्द उपयोगी पडतात. एक तक्रीज आणि दुसरा तब्सिरा. तक्रीज म्हणजे ग्रंथाला जोडलेला प्रशस्तिपर मजकूर. लेखक तो एखाद्या मान्यवराकडे मागतो आणि मान्यवर तो सौजन्याने देतो. तब्सिरा या शब्दाच्या मुळाशी ‘बसर’ म्हणजे दृष्टी आहे. तब्सिरा लिहिणारा पुस्तक नीट पाहतो आणि जे दिसले ते वाचकाला दाखवतो. तक्रीजेचे दायित्व लेखकाशी असते, तब्सिऱ्याचे वाचकाशी. आजच्या पत्रिकांतील बहुतेक परीक्षणे नावाने तब्सिरा असली तरी वृत्तीने तक्रीज आहेत. रोगाचे निदान एवढ्या एका वाक्यात होते. त्यावरचा उपाय मात्र सविस्तर पाहावा लागतो.

परत आलेली तक्रीज

या दोन वृत्तींमधला ताण एका प्रसिद्ध प्रसंगात दिसतो. सर सय्यद अहमद खान यांनी अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’ची संपादित आवृत्ती १८५५ च्या सुमारास तयार केली. हस्तलिखिते जुळवून, चित्रे देऊन केलेले ते मोठ्या कष्टाचे काम होते. रिवाजाप्रमाणे त्यांनी मिर्झा गालिब यांच्याकडे तक्रीज मागितली. गालिब यांनी ती फारसी पद्यात लिहिली, पण त्यात अपेक्षित स्तुती नव्हती. गेलेल्या काळाचे कायदे-कानून उकरून काढण्यापेक्षा इंग्रजांनी आणलेली नवी साधने आणि नवी व्यवस्था डोळे उघडून पाहावी, असा तिचा आशय होता. सर सय्यद यांनी ही तक्रीज आपल्या आवृत्तीत छापली नाही.

या प्रसंगाचा अर्थ दोन बाजूंनी लावता येतो. सर सय्यद यांनी पुढे १८६४ मध्ये सायंटिफिक सोसायटी आणि १८७५ मध्ये अलीगढचा मदरसा स्थापन केला, म्हणून गालिब यांचेच म्हणणे शेवटी खरे ठरले, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु परीक्षणाच्या शिस्तीने पाहिले तर गालिब यांच्या मजकुरात एक उणीवही आहे. समोरचे संपादन कसे झाले आहे, पाठ नीट निवडले आहेत की नाहीत, याबद्दल तो फारसे काही सांगत नाही. हे काम हाती घ्यायलाच नको होते असे सांगतो. आजच्या परीक्षकांतही हा दोष आढळतो. लेखकाने जे पुस्तक लिहिले आहे ते बाजूला ठेवून, परीक्षकाच्या मनात असलेले पुस्तक त्याने का लिहिले नाही, याची तक्रार केली जाते. स्तुती टाळली म्हणजे परीक्षण झाले असे नाही. ‘आईन’ची ती आवृत्ती मात्र पुढेही अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिली.

औरंगाबादेतील उदाहरण

तब्सिरा म्हणजे काय, याचे भक्कम उदाहरण मराठी मुलखातच घडले आहे. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था १९०३ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले सचिव मौलाना शिबली नोमानी होते. १९१२ मध्ये मौलवी अब्दुल हक सचिव झाले आणि संस्थेचे कार्यालय त्यांच्याबरोबर औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आले. तिथून १९२१ मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक सुरू झाले. अब्दुल हक यांनी या त्रैमासिकात ग्रंथपरीक्षणाला मानाची जागा दिली. नव्या पुस्तकांवर ते स्वतः लिहीत आणि इतरांकडून लिहवून घेत.

याच त्रैमासिकात १९२२ पासून हाफिज महमूद शीरानी यांची एक दीर्घ लेखमाला येऊ लागली. विषय होता शिबलींचा ‘शेरुल अजम’ हा फारसी काव्याचा अनेक खंडांतील इतिहास. शिबलींचे निधन १९१४ मध्ये झाले होते. त्यांचे नाव आदराने घेतले जात होते आणि त्यांचा हा ग्रंथ पाठ्यग्रंथासारखा वाचला जात होता. शीरानी त्या काळात लाहोरच्या इस्लामिया कॉलेजात अध्यापक होते. हे कॉलेज अंजुमन हिमायत-ए-इस्लाम या मुस्लिम शैक्षणिक संस्थेने चालवलेले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर समाजाच्या एका कॉलेजातील अध्यापकाने समाजाच्या सर्वांत मान्यवर विद्वानाचा ग्रंथ तपासायला घेतला, आणि तो तपास छापला कुणी, तर त्या विद्वानानेच पहिल्या काळात सांभाळलेल्या संस्थेच्या मुखपत्राने.

शीरानींची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. शिबलींची शैली, रसिकता, व्यासंग यांवर त्यांचा रोख नव्हता. कवींचे काळ, त्यांच्या चरित्रातील घटना आणि त्यांच्या नावावर घातलेल्या रचना ते एकेक करून मूळ साधनांशी ताडून पाहत होते. नंतरच्या काळात लिहिलेल्या तज्किऱ्यांवर, म्हणजे कविचरित्रांच्या संग्रहांवर विसंबल्यामुळे कुठे घोटाळा झाला, हे ते दाखवत होते. फिर्दौसीच्या नावावर चालत आलेले ‘यूसुफ-जुलेखा’ हे काव्य त्याचे नाही, हा त्यांचा प्रसिद्ध निष्कर्ष अशाच तपासातून निघाला. ही लेखमाला पुढे १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आली. आज ‘शेरुल अजम’ वाचणारा गंभीर विद्यार्थी शीरानींची टीका बाजूला ठेवून तो वाचत नाही. शिबलींचे स्थान यामुळे घटले नाही. त्यांच्या ग्रंथातील विधानांवर किती भरवसा ठेवावा, हे मात्र स्पष्ट झाले.

या उदाहरणावर एक आक्षेप संभवतो. अब्दुल हक यांचे शिबलींविषयीचे मत फारसे अनुकूल नव्हते. तेव्हा ही लेखमाला छापण्यात संपादकाचा कल काम करत नव्हता कशावरून? आक्षेप निराधार नाही. तथापि परीक्षणाचे बळ हेतूवर अवलंबून नसते, पुराव्यावर असते. शीरानींनी दिलेली साधने कुणालाही पडताळता येतात. हेतू शुद्ध असूनही पुरावा नसलेले परीक्षण निरुपयोगी असते. ज्याच्या हेतूबद्दल शंका घेता येते, अशा परीक्षणातही पुरावा पक्का असला तर ते टिकते. संपादकाचे काम एवढेच, की उत्तर देणाऱ्यालाही तितकीच जागा द्यावी.

मराठीतील धडा

मराठीत ग्रंथपरीक्षणाची परंपरा जुनी आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये सुरू झाले, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये. पुस्तकाचा गुणदोषविचार जाहीरपणे करायचा असतो, ही सवय या नियतकालिकांनी लावली. पण ‘निबंधमाले’त जोतीराव फुले यांच्या लेखनावर जी टीका आली ती एका अर्थाने सावधगिरीचे उदाहरण आहे. त्या टीकेचा मोठा भाग फुले यांच्या भाषेची आणि व्याकरणाची खिल्ली उडवण्यात खर्ची पडला. ‘गुलामगिरी’ने १८७३ मध्ये उभा केलेला प्रश्न, म्हणजे सत्ता आणि विद्या कुणाच्या हाती राहिली व का, तो त्या टीकेत जवळजवळ अनुत्तरित राहिला. शुद्धलेखनाच्या चुका खऱ्या असतील, तरी प्रश्नही खरा होता. पुढच्या पिढ्यांनी प्रश्न लक्षात ठेवला.

ज्या समाजातील लेखक पहिल्या-दुसऱ्या पिढीत मराठीत लिहू लागले आहेत, त्यांच्या पुस्तकांचे परीक्षण करताना हा धडा विशेष महत्त्वाचा आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर मुस्लिम लेखकांचे मराठी लेखन अधिक ठळकपणे पुढे आले. त्यात दखनी वळणाची वाक्ये येतात, उर्दू शब्द येतात, प्रमाणभाषेचे नियम काही ठिकाणी मोडतात. परीक्षकाने भाषेबद्दल बोलूच नये असे नाही. अर्थ कळण्यात अडथळा येत असेल तर तसे सांगावे. परंतु भाषेच्या आड पुस्तकाचा मुद्दा टाळू नये, आणि उलट बाजूने, लेखक आपल्यापैकी आहे म्हणून मुद्द्याच्या आड पुराव्याचा अभावही झाकू नये.

पांढुर्णा आणि सौंसर

आता प्रश्न असा, की ही शिस्त पांढुर्णा-सौंसरसारख्या गावातल्या अध्यापकाला कितपत झेपणारी आहे. ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे, सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. संत्री आणि कापूस ही दोन्हीकडची पिके. बाजारात मराठी, कचेरीत आणि महाविद्यालयात हिंदी, मुस्लिम घरांत उर्दू किंवा उर्दूमिश्रित हिंदी, अशी भाषांची वाटणी इथे रोजची आहे. नागपूरची पुस्तकांची दुकाने आणि ग्रंथालये जवळ आहेत, पण शासन भोपाळचे आहे. अशा ठिकाणच्या अध्यापकाला दोन्हीकडच्या विद्वत्-वर्तुळांत परके वाटते. मराठी पत्रिका त्याला हिंदी प्रांतातला मानतात, हिंदी पत्रिका मराठी भागातला.

वास्तविक परीक्षक म्हणून हीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. काही उदाहरणे पाहता येतील.

पहिले उदाहरण राज्यपुनर्रचनेचे. सीमाभागावरच्या पुस्तकांत ‘१९५६ मध्ये हा भाग महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात गेला’ अशा धाटणीचे वाक्य सहज लिहिले जाऊ शकते. ते बरोबर नाही. हा भाग आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, १९५० पासून जुन्या मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे ८ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. म्हणजे पांढुर्णा हलले नाही, राजधानी हलली. महाराष्ट्र राज्य तर १९६० मध्ये झाले. असेच दुसरे भान जिल्ह्याचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकाने ही गावे छिंदवाडा जिल्ह्यात दाखवली असतील तर ती चूक धरता येणार नाही. त्यानंतरच्या पुस्तकाने तसे दाखवले तर परीक्षकाने ते नोंदवावे. पुण्या-मुंबईच्या परीक्षकाच्या नजरेतून ही बाब निसटू शकते, सौंसरच्या अध्यापकाच्या निसटू नये.

दुसरे उदाहरण बोलीचे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात छिंदवाड्याच्या दक्षिण भागातील मराठी नागपुरी बोलीत धरली आहे. रसेल यांचे छिंदवाडा गॅझेटिअर १९०७ चे. या भागातील बोलींवर आज कुणी पुस्तक लिहिले, तर ते या जुन्या नोंदींच्या पुढे काय सांगते, हा परीक्षणाचा पहिला प्रश्न असायला हवा. लेखकाने बोलीचे नमुने कोणत्या गावात, कोणत्या वयाच्या, कोणत्या समाजाच्या माणसांकडून घेतले? भोयर-पवारांची बोली, मुस्लिमांची घरची बोली आणि बाजारातली मराठी त्याने वेगळी ठेवली की एकत्र केली? हे प्रश्न विचारायला मोठे ग्रंथालय लागत नाही, कान लागतो.

तिसरे उदाहरण गोटमारीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन बाजू जाम नदीच्या पात्रावरून एकमेकांवर दगडफेक करतात. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड आणि झेंडा रोवलेला असतो. त्यामागे एका पळून जाणाऱ्या प्रेमी युगुलाची कथा सांगितली जाते. माणसे जखमी होतात आणि मृत्यूही झाले आहेत. या विषयावरच्या पुस्तकात लेखकाने कथा हीच घटना म्हणून दिली असेल तर परीक्षकाने विचारावे, की या कथेची सर्वांत जुनी लेखी नोंद कोणती? लेखकाने ती दिली आहे का? दिली नसेल तर ‘अशी आख्यायिका आहे’ एवढेच म्हणण्याचा त्याला अधिकार आहे.

चौथे उदाहरण मुस्लिम वाचकाच्या अधिक जवळचे. देवगडच्या गोंड राजघराण्यातील बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि नागपूर वसवण्याचे श्रेय त्याला दिले जाते. देवगडचा किल्ला छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. या राजाविषयी लिहिताना कुणी त्याला केवळ मुस्लिम राजा म्हणून रंगवतो, कुणी धर्मांतर झाकून केवळ गोंड राजा म्हणून. पहिला मजकूर समाजाच्या पत्रिकेत कौतुकाने छापला जाण्याचा संभव अधिक, म्हणूनच त्याचे परीक्षण अधिक कसून व्हायला हवे. मुघल दरबाराची साधने फारसीत, भोसल्यांची मराठीत, गॅझेटिअरे इंग्रजीत आणि गोंडांची स्मृती मौखिक, अशी ही सामग्री विखुरलेली आहे. लेखकाने यातील कोणती वाचली, कोणती दुसऱ्याच्या हवाल्याने घेतली, हे उर्दू लिपी वाचू शकणारा आणि मराठी जाणणारा सीमाभागातील अध्यापक इतरांपेक्षा चांगले ओळखू शकतो. अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावावर उर्दूत लिहिले आणि माधव त्रिंबक पटवर्धनांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला, ती दोन्हीकडे पाहणारी दृष्टी अशा परीक्षकाला जन्मजात मिळालेली असते. तिचा वापर झाला पाहिजे.

लिहिण्याची आणि पाठवण्याची रीत

परीक्षण कसे लिहावे याविषयी निरनिराळ्या पत्रिकांचे नियम निरनिराळे असले तरी काही गोष्टी सर्वत्र समान आहेत. पुस्तक शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतले असावे. लिहिण्यापूर्वी संपादकांना पत्र पाठवून पुस्तकाचे नाव, परीक्षकाचा विषय आणि अपेक्षित मुदत कळवावी. कदाचित ते पुस्तक आधीच दुसऱ्याकडे दिलेले असते. लेखक हा परीक्षकाचा मार्गदर्शक, विद्यार्थी, नातेवाईक, सहकारी किंवा त्याच्या संस्थेचा पदाधिकारी असेल तर ते त्याच पत्रात सांगावे आणि बहुतेक वेळा नकार द्यावा. लहान गावात हा नियम जड जातो, कारण तिथे सगळेच एकमेकांना ओळखतात. यावरचा उपाय संपादकाच्या हाती आहे. पांढुर्ण्याच्या लेखकाचे पुस्तक सोलापूरला पाठवावे, सोलापूरचे पांढुर्ण्याला.

परीक्षणाच्या माथ्यावर पुस्तकाचे नाव, लेखक वा संपादक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती, पृष्ठसंख्या आणि किंमत द्यावी. मजकूर साधारण १००० ते १५०० शब्दांचा. त्यात पुस्तकाचा मुख्य दावा दोन-तीन वाक्यांत परीक्षकाच्या स्वतःच्या शब्दांत यावा. हा दावा सांगता आला नाही तर पुस्तक पुन्हा वाचावे. प्रकरणवार सारांशाला एक तृतीयांशापेक्षा अधिक जागा देऊ नये. उरलेल्या जागेत तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. दावा कोणत्या पुराव्यावर उभा आहे? तो पुरावा दाव्याला पुरेसा आहे का? या विषयावर आधी झालेल्या कामात या पुस्तकाने काय भर घातली? गुण असो वा दोष, प्रत्येक विधानाला पृष्ठक्रमांक जोडावा. ‘काही ठिकाणी तपशिलाच्या चुका आहेत’ हे वाक्य निरर्थक आहे. कोणत्या पानावर, कोणती चूक आणि बरोबर काय, हे सांगता येत असेल तरच ते लिहावे. छपाईच्या दोन चुका सापडल्या म्हणून त्यांचा पाढा वाचू नये. पण तारखा, नावे, आकडे चुकले असतील तर ते दुर्लक्षू नयेत, कारण पुढचा अभ्यासक तेच उचलतो. संदर्भसूची व नामसूची आहे की नाही, अनुवाद असेल तर तो मूळ भाषेतून केला की हिंदी-इंग्रजीतून, हेही वाचकाला कळले पाहिजे.

स्वराविषयी एक कसोटी पुरेशी आहे. लेखक समोर बसला असताना परीक्षण मोठ्याने वाचता येईल का? त्याच्यासमोर जे बोलण्याचे धैर्य नाही ते लिहू नये, आणि त्याच्यासमोर केवळ संकोचाने गिळले जाईल ते मात्र गिळू नये. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये १९७४ पर्यंत परीक्षणे निनावी येत. निनावीपणामुळे निर्भीडपणा येतो असे एक मत होते. त्याच आडोशाने वैर साधता येते असे दुसरे. १९७४ पासून तिथे नावे छापली जाऊ लागली. लहान समाजाच्या पत्रिकेत निनावी परीक्षण दुसऱ्या दिवशीच कुणाचे ते कळते. तेव्हा नाव देऊन, जबाबदारीने लिहिणे हाच सरळ मार्ग होय.

पाठवण्याच्या बाबतीत सीमाभागाची एक खास अडचण आहे. हिंदी टंकलेखनात कृतिदेव रुळलेला, मराठी मुद्रकांकडे श्रीलिपी. एका फाँटात टंकलेले परीक्षण दुसऱ्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा आणि सोबत छापील स्वरूपाची प्रत जोडावी. हिंदीच्या सवयीने ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडतो, ‘ऱ्या’च्या जागी ‘र्या’. मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ यांची कोणती वळणे वापरावीत हे महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ठरवून दिले आहे, हिंदी फाँटात ती वेगळी येतात. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण सीमेपलीकडून आलेला मजकूर परत जाण्याला त्या निमित्त ठरू शकतात. उर्दू नावे देवनागरीत लिहिताना नुक्ता द्यायचा की नाही हे एकदा ठरवून शेवटपर्यंत तसेच ठेवावे. एकच परीक्षण दोन पत्रिकांना पाठवू नये. मुद्रितशोधन आले तर ठरलेल्या दिवसांत परत करावे.

गुणांचा प्रश्न

यावर अध्यापकांचा व्यावहारिक प्रश्न असतो. परीक्षण लिहून मिळते काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील गुणतक्त्यात शोधनिबंध, ग्रंथ, ग्रंथातील प्रकरण, अनुवाद यांना गुण आहेत. ग्रंथपरीक्षणाला वेगळे स्थान नाही. म्हणजे महिनाभर पुस्तक वाचून, साधने ताडून लिहिलेल्या चार पानांचे मोल शून्य, आणि घाईने जुळवलेल्या निबंधाचे मोल निश्चित. हा अन्याय आहे हे मान्य केले पाहिजे. बढतीच्या काळजीत असलेल्या तरुण अध्यापकाला केवळ कर्तव्य सांगून परीक्षणाकडे वळवता येणार नाही.

तथापि दुसरी बाजूही आहे. पत्रिकांच्या दर्जासाठी आयोगाने २०१९ मध्ये सुरू केलेली केअर यादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. कोणती पत्रिका चांगली, हे ठरवण्याची जबाबदारी आता बरीचशी संस्थांवर आणि अभ्यासकांवर आली आहे. अशा वेळी पत्रिकेची परीक्षा तिच्या परीक्षणांवरून करता येते. निबंधाला तज्ज्ञाने संमती दिली की नाही हे वाचकाला दिसत नाही, परीक्षणातला तपास मात्र छापील असतो आणि कुणालाही तपासता येतो. ज्या अध्यापकाने पाच पुस्तके अशी कसून वाचली, त्याला सहावा शोधनिबंध लिहिताना कोणत्या चुका टाळायच्या हे वेगळे शिकावे लागत नाही. संस्थांनीही एक गोष्ट करण्यासारखी आहे. आयोगाचे गुण त्यांच्या हाती नसले, तरी अंतर्गत अहवालात परीक्षणांची नोंद, पुस्तकाची प्रत परीक्षकाकडेच राहू देणे आणि टपालखर्च सोसणे त्यांच्या हाती आहे.

संस्थेच्या पत्रिकेची जबाबदारी

मुस्लिम शैक्षणिक संस्थांना या कामात नव्याने आरंभ करायचा नाही. आझमगढच्या दारुल मुसन्निफीनचे ‘मआरिफ’ १९१६ मध्ये सुरू झाले आणि ‘मतबूआत-ए-जदीदा’ या मथळ्याखाली नव्या पुस्तकांचा परामर्श त्याने घेतला. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामने १९४७ मध्ये उर्दू संशोधन संस्था काढली आणि तिचे ‘नवा-ए-अदब’ निघाले. हैदराबादचे ‘इस्लामिक कल्चर’ १९२७ पासून इंग्रजीत परीक्षणे देत आले. ही परंपरा उर्दू आणि इंग्रजीत होती. मराठीत ती तितक्या नियमाने रुजलेली नाही, आणि आज समाजातील पुष्कळ विद्यार्थी मराठीतच शिकत आहेत. त्यांच्या हातात पडणारी पुस्तके तपासून देण्याचे काम मराठी पत्रिकांनाच करावे लागेल.

त्यासाठी थोड्याच गोष्टी लागतात. आलेल्या पुस्तकांची ‘साभार पोच’ प्रत्येक अंकात छापावी, म्हणजे अध्यापकांना निवड करता येईल. परीक्षकांची यादी विषय, भाषा आणि गाव यांसह ठेवावी. संस्थेच्या पदाधिकाऱ्याचे पुस्तक संस्थेबाहेरच्या परीक्षकाकडेच द्यावे, नाही तर त्याची केवळ पोच द्यावी. लेखकाचे उत्तर आले तर पुढच्या अंकात ते छापावे आणि परीक्षकाला एकदाच प्रत्युत्तराची संधी द्यावी. अंजुमनच्या मुखपत्रात अंजुमनच्याच पहिल्या सचिवांचा ग्रंथ तपासला गेला, त्याने संस्था खचली नाही. तिच्या नावाने छापलेल्या मजकुरावर लोक भरवसा ठेवू लागले. पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या अध्यापकाने पृष्ठक्रमांकासह दाखवलेली एक चूक पत्रिकेने बिनदिक्कत छापली, तर तोच भरवसा मराठीतही मिळेल. तक्रीज लिहिणारे पुष्कळ आहेत. तब्सिरा लिहिणाऱ्याला जागा देणे हे संपादकाचे काम, आणि ती जागा पुराव्याने भरणे हे अध्यापकाचे.